दुखत तर नाहीये

मी शेकाची पिशवी बोलतेय. लाल रबराची, अंगावर उभ्या रेघा, गळ्याशी काळं बूच. कोणाचं वाईट करायला मी जन्मले नव्हते, तरी माझ्यामुळे एका घरात जे झालं ते मला सांगायचंय.

माझा जन्म साच्यात झाला. कारखान्यात शेवटच्या टेबलाशी एक बाई बसायच्या. प्रत्येक पिशवीत हवा भरून ती पाण्याच्या टबात बुडवायच्या आणि बुडबुडा येतो का ते बघायच्या. माझ्यातून एकही आला नाही. "ही पक्की," त्या म्हणाल्या. तेवढ्यावर मी बरेच दिवस खूश होते.

मला विकत घेतलं ते लाँड्रीत इस्त्री करणाऱ्या एका बाईंनी. सगळे त्यांना ताई म्हणत. वीस वर्षं उभ्यानं इस्त्री करून त्यांची कंबर धरली होती. खाली पडलेला शर्ट उचलायचा तर आधी टेबलाला घट्ट धरावं लागे. फिजिओथेरपीच्या बाईंनी त्यांना व्यायाम शिकवले आणि जोडीला शेक घ्यायला सांगितलं. ते सांगणं ताईंनी अक्षर न् अक्षर पाळलं. माझ्यात कधी उकळतं पाणी ओतलं नाही. मला गच्च भरलं नाही. आतली हवा दाबून काढायच्या, मग बूच पिळायच्या. टॉवेलात गुंडाळून आधी स्वतःच्या मनगटाला लावून बघायच्या, आणि वीस मिनिटं झाली की मला बाजूला ठेवायच्या. डोळा लागतोय असं वाटलं तर त्याच्याही आधी.

"कापड जळायच्या आधी वास देतं," त्या म्हणायच्या, "कातडीचा भरवसा नाही."

एकदा शेजारीण लंगडत आली. पाय मुरगळून घोटा टम्म सुजला होता. "दे गं तुझी पिशवी," म्हणाली.

"ताज्या सुजेला शेक नाही चालत. आधी बर्फ लाव," ताईंनी तिला परत पाठवलं. अशा त्या सावध.

महिना-दीड महिन्यात कंबर सैल झाली. ताई वाकून शर्ट उचलू लागल्या. श्रेय बरंचसं व्यायामाचं, पण व्यायामाआधी अंग मोकळं करायचं काम माझं होतं. माझ्या आयुष्यातले चांगले दिवस तेवढेच.

ताईंचा धाकटा भाऊ पोस्टमन होता. दिवसभर जिने चढायचे-उतरायचे, पत्रं वाटायची. अकरा वर्षं त्याला शुगर होती, पण पथ्याचा विषय निघाला की तो थट्टा करायचा. एका सुट्टीच्या दिवशी ताईंकडे येऊन बसला आणि पाय चोळू लागला.

"पाय गार पडतात गं. आणि चालताना कापसावर चालल्यासारखं वाटतं. परवा तर चप्पल जिन्यातच सुटली. मी दोन मजले तसाच वर!" म्हणून तो हसला. ताईही हसल्या.

"ही पिशवी घेऊन जा. माझं आता तिच्यावाचून अडत नाही," त्या म्हणाल्या. पाणी किती गरम घ्यायचं, टॉवेल कसा गुंडाळायचा, सगळं समजावून सांगितलं. फिजिओथेरपीच्या बाईंनी पहिल्या दिवशी त्यांना विचारलं होतं, "शुगर आहे? पायाला बधिरपणा?" ताई 'नाही' म्हणाल्या होत्या आणि प्रश्न तिथेच संपला होता. तो का विचारला, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पोस्टमन दुपारीच घरी आला. बायको कामावर होती. त्यानं सांगितल्याप्रमाणे मला भरलं, टॉवेलात गुंडाळलं आणि पायाखाली घेतलं. पाच मिनिटांनी कुरकुरला, "छे! काहीच लागत नाही." उठला, पाणी ओतून दिलं आणि किटलीतलं उकळतं पाणी भरलं. तरीही लागेना. मग त्यानं टॉवेल काढून टाकला, उघड्या तळव्याखाली मला ठेवलं आणि आडवा झाला. थोड्याच वेळात घोरू लागला.

त्याचा तळवा माझ्यावर भाजत होता. ताईंचा पाय असता तर केव्हाच झटक्यानं दूर झाला असता. हा हलला नाही. मला हात नाहीत, आवाज नाही. मी फक्त निवत जाऊ शकत होते, आणि फार सावकाश निवत होते.

बायको घरी आली तेव्हा तळव्यावर तळहाताएवढा फोड होता.

"अहो, पाय बघा! काय केलंत हे?"

त्यानं वाकून बघितलं. "अगं, एवढी काय घाबरतेस? दुखत तर नाहीये."

त्यानं फोडावर टूथपेस्ट लावली. सकाळी त्यावरच मोजे-बूट चढवून टपाल वाटायला गेला. रजा कशाला, दुखत तर नाहीये. आठवडाभर हेच चाललं. मग बुटातून वास येऊ लागला, ताप भरला आणि बायकोनं त्याला रिक्षात घालून इस्पितळात नेलं.

पुढचं मी खुंटीवरून ऐकलं. डॉक्टर म्हणाले होते, "दुखत नव्हतं म्हणून थांबलात? दुखत नव्हतं म्हणूनच धावत यायला हवं होतं." विष वर चढत होतं. गुडघ्याखाली पाय कापावा लागला.

तो घरी आला त्या दिवशी ताई आल्या. दारातच थबकल्या. पलंगावरची चादर एका बाजूला सपाट होती.

"मीच दिली रे तुला ती," त्या म्हणाल्या.

"तुझा काय दोष, ताई? माझाच पाय माझ्याशी बोलला नाही."

ताई पलंगाच्या पायथ्याशी बसल्या. इस्पितळातल्या नर्सनं त्यांना एक गोष्ट शिकवली होती. "डोळे मिट," त्या म्हणाल्या. "मी या उरलेल्या पायाचं एक बोट धरते. कुठलं ते सांग."

त्यानं डोळे मिटले. वाट बघितली. थोड्या वेळानं म्हणाला, "अगं, धर की."

ताईंनी अंगठा केव्हाचा मुठीत आवळून धरला होता.

जाताना त्यांनी मला कापडी थैलीत घालून घरी आणलं. त्यानंतर माझ्यात पाणी भरलं गेलं नाही. त्यांची कंबर पुन्हा धरली आहे, तरीही नाही. मी मोरीजवळच्या डब्यात पडून आहे. रबर कडक झालंय, घडीवर चीर गेलीय. आता कोणी मला भरलंच तर मी फुटेन आणि आणखी कोणाला तरी भाजीन. म्हणून मला फेकून द्या.

पण माझ्यासारखी दुसरी कोणी तुमच्या घरात असेल, तर ती प्रेमानं कोणाच्या हातात देण्याआधी त्या माणसाला डोळे मिटायला सांगा. त्याच्या पायाचं बोट धरा. कुठलं बोट धरलंय ते त्याला सांगता आलं नाही, तर पिशवी परत खुंटीला लावा आणि त्याला त्याच दिवशी डॉक्टरकडे घेऊन जा.