उंचीची वेलांटी

"मॅडम, मी उद्यापासून येत नाही," सत्यशीलाबाई म्हणाल्या आणि त्यांनी वही पर्समध्ये टाकली.

शगुफ्ताला वाटलं, घरी काही झालं असेल. दारव्ह्यात वडिलांच्या पेंटिंगच्या दुकानावरच्या खोलीत तिचा कॉम्प्युटर क्लास होता. कॉलेजची मुलं टायपिंग शिकायला येत आणि सर्टिफिकेट मिळालं की दिसेनाशी होत. प्रोग्रॅमिंग शिकायचं म्हणून आपणहून आलेली विद्यार्थिनी एकच, आणि ती म्हणजे ही बावन्न वर्षांची अंगणवाडी सेविका. आठवड्यातून तीनदा, अंगणवाडी सुटली की जीपने येणारी. तिला एक छोटा प्रोग्रॅम लिहायचा होता. लेकरांचं दर महिन्याचं वजन आणि उंची भरायची, आणि कोणाचं वजन घटतंय ते लगेच कळायला हवं. इंग्रजी नावं लक्षात राहत नाहीत म्हणून शगुफ्तानेच सांगितलं होतं, की पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत नावं मराठीत दिली तरी चालतात.

"काहून येत नाही, ताई?"

"मले जमत नाही. पाहा ना इकडं."

शगुफ्ताने पडद्यावर वाकून पाहिलं. 'वजन' निळ्या रंगात नीट उभं होतं. त्याखालच्या 'उंची'चे मात्र तुकडे झाले होते. उ निळा, अनुस्वार पांढरा, च निळा, आणि वेलांटी पांढरी होऊन बाजूला एका टिंबाटिंबांच्या गोलावर बसलेली.

"सतरा वेळा टाइप केलं," सत्यशीलाबाई म्हणाल्या. "पुसलं, अजून केलं. वजन बराबर येते, उंची काही येत नाही."

"पण ताई, प्रोग्रॅम तर चालते!" शगुफ्ताने बटण दाबून दाखवलं. उत्तर बरोबर आलं.

"चालत असन. पण एखाद्या लेकरानं पाटीवर असं काढलं असतं, तर म्या पुसून अजून काढाले लावलं असतं. बावीस वर्षं झाली बाराखडी शिकवून. मले चूक दिसते ते चूकच हाये."

चूक होतीच, पण बाईंची नव्हती. क्लासमध्ये कोड लिहायला 'मॉसपेन' नावाचा एडिटर होता. कोणीही फुकट घ्यावा, आत उघडून पाहावा आणि जमलं तर सुधारावा असा. कोडमधल्या शब्दांना रंग देणं हे त्याचंच काम. शगुफ्ताने दोन वर्षांत तो आत उघडून कधी पाहिला नव्हता.

"आठ दिवस द्या मले," ती म्हणाली. "तुमची चूक नाही, हे मी दाखवून देते. तोवर क्लास सोडू नका."

सत्यशीलाबाईंचा विश्वास बसला नाही, पण जीप सुटायची वेळ झाली होती. "बरं," एवढंच म्हणून त्या गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी शगुफ्ताने मॉसपेनच्या तक्रारींची यादी धुंडाळली. हीच तक्रार तीन वर्षांपूर्वी कोणीतरी केली होती. मॉसपेन सांभाळणाऱ्यांपैकी एकाने, तो फिनलंडचा होता, खाली लिहिलं होतं, 'चित्र पाहिलं. मला सगळं ठीक वाटतं. ते गोल तुमच्या लिपीतलेच आहेत ना?' तक्रार करणाऱ्याने पुन्हा उत्तर दिलं नव्हतं, आणि तक्रार बंद झाली होती.

शगुफ्ताला आधी हसू आलं, मग राग आला. ती तशीच तणतणत खाली गेली. तिचे वडील जब्बारभाई एका कृषी केंद्राच्या पाटीवर अक्षरं भरत होते.

"अब्बा, ज्याले आपली अक्षरं वाचता येत नाही, त्याले ती तुटली हे कसं सांगायचं?"

जब्बारभाईंनी ब्रश थांबवला. तिने मोबाइलवर फोटो दाखवला. 'उंची' पाहून त्यांचा चेहरा असा झाला, जणू कोणी त्यांच्या ओल्या पाटीवर हात ठेवला होता.

"कोन्या पेंटरनं केलं हे?"

"पेंटर नाही अब्बा, मशीन."

"मंग त्याले त्याच्याच अक्षरात दाखव ना, बेटा. इंग्रजीतल्या आयवर टिंब असते का नाही?"

त्यांनी एक टाकाऊ पत्रा ओढला आणि पाच मिनिटांत निळ्या रंगात इंग्रजी 'मिल्क' लिहिलं. फक्त आयचं टिंब पांढरं केलं, बाजूला सरकवलं आणि त्याच्याखाली टिंबाटिंबांचा गोल काढला. शगुफ्ताने फोटो काढून नवी तक्रार टाकली, 'तुमचं दूध असं दिसलं तर तुम्ही ते ठीक म्हणाल का?'

दुपारच्या आत उत्तर आलं, 'अरे देवा. आत्ता कळलं. माफ करा. आम्हाला ही लिपी येत नाही. दुरुस्ती पाठवाल का?'

पाठवेन असं तिने लिहून टाकलं आणि पहिल्यांदाच मॉसपेन आत उघडला. इतरांच्या कोडला तिने आजवर हात लावला नव्हता. पण बिघाड सापडायला फार वेळ लागला नाही. रंग देणाऱ्या फाइलमध्ये एक ओळ होती. नाव म्हणजे अक्षर, अंक किंवा खालची रेघ, असं त्या ओळीचं म्हणणं होतं. कॉम्प्युटरच्या हिशेबी च हे अक्षर, पण वेलांटी हे अक्षर नव्हे, ते नुसतं चिन्ह. म्हणून वेलांटी आली की नाव संपलं असं समजून एडिटर रंग बदलत होता, आणि एकटी पडलेली वेलांटी त्या गोलावर जाऊन बसत होती. शगुफ्ताने त्या ओळीत चिन्हांनाही जागा दिली. 'उंची' अखंड निळी झाली. तिने खोलीत एकटीनेच टाळी वाजवली आणि दुरुस्ती पाठवून दिली.

तासाभराने लाल फुल्या आल्या. प्रत्येक बदलावर आपोआप होणाऱ्या मॉसपेनच्या चारशेवर चाचण्यांपैकी दोन नापास झाल्या होत्या. चिन्हाने सुरू होणारा तुकडासुद्धा आता नाव समजला जात होता, आणि तो तसा समजला जायला नको होता. दोन दिवस ती त्या ओळीशी झटापट करत राहिली. एक चाचणी पास झाली की दुसरी पडायची.

तिसऱ्या दिवशी सत्यशीलाबाई आल्या तेव्हा ती केस विस्कटून बसली होती. तिने सगळं सांगितलं. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मॅडम, मात्रा पयले येते काय कधी? पयले अक्षर, मंग मात्रा. लेकराले हेच तर शिकवतो आपन."

"पण ऱ्हस्व वेलांटी, ताई? 'कि' लिहिताना ती तर आधी काढतात."

"दिसते आधी. म्हणून पाहा बरं, कि. क आधी आला का इ?"

शगुफ्ता दोनदा पुटपुटली. "क आधी."

"मंग झालं तर."

आणि कॉम्प्युटरही तेच मानत होता! साठवताना तो आधी क ठेवायचा, मग वेलांटी. दाखवताना फक्त ती क-च्या आधी काढायचा. शगुफ्ताने ओळीचे दोन भाग केले. पहिल्या जागी फक्त अक्षर, पुढच्या जागांवर अक्षर किंवा चिन्ह. इतकं साधं होतं. सोबत तिने एक नवी चाचणी जोडली. तिला असं एखादं नाव हवं होतं, ज्यात जोडाक्षरही असेल, वेलांटीही असेल आणि कानाही असेल.

"ताई, तुमचं नाव टाकू काय?"

"कायले?"

"आता मॉसपेनमध्ये कोणी काही बदललं, तर आधी 'सत्यशीला' धड दिसते का ते तपासलं जाईल. तुटली तर बदल मंजूर नाही."

बाई हसल्या. "माहं नाव शाळेतबी कोनी बराबर लिहिलं नाही, मॅडम. टाका."

या वेळी एकही लाल फुली आली नाही. दोघी बाकावर शेजारी बसून चारशे हिरव्या खुणा येताना पाहत राहिल्या. बाई मधूनच मोजायच्या आणि चुकायच्या. तीन दिवसांनी दुरुस्ती मंजूर झाली, आणि पुढच्या महिन्यात नव्या आवृत्तीत सगळीकडे गेली.

सत्यशीलाबाईंचा प्रोग्रॅमही पुरा झाला. त्यात त्यांनी मागची वजनंही भरली. पहिल्याच महिन्यात दोन लेकरांचं वजन घटलेलं दिसलं, आणि त्या दोघांच्या घरी त्या स्वतः जाऊन आल्या. तालुक्याच्या मीटिंगमध्ये इतर सेविकांनी तो प्रोग्रॅम पाहिला आणि आम्हालाही शिकवा म्हणून त्यांना घेरलं.

पुढच्या सोमवारी क्लाससमोर सात बायका चपला काढत होत्या. शगुफ्ता दारात उभी राहून खुर्च्या मोजू लागली.

"मॅडम, तुम्ही कॉम्प्युटर पाहा," तिला बाजूला सारत सत्यशीलाबाई म्हणाल्या. "ह्यायले मी सांभाळते." आणि खोलीतल्या फळ्यासमोर जाऊन त्यांनी खडू हातात घेतला.