वैजयंती मॅडमच्या नळ्या

“शालिग्रामभाऊ, सोमवारी कॉलेज तपासाले कमिटी येऊन राह्यली. हे फ्रीज रिकामं करा,” धनराज सर म्हणाले. मग खालच्या कप्प्यातल्या स्टँडकडे बोट दाखवून त्यांनी विचारलं, “अन् या नळ्या कोनाच्या?”

“वैजयंती मॅडमच्या.”

मॅडमना जाऊन दोन वर्षं झाली होती. त्यांच्या जागी आलेल्या सरांनी त्यांना पाहिलंही नव्हतं.

“मंग यातले जिवाणू अजून जिते कसे?”

“मी ठेवून राह्यलो, सर.”

वाशीम जिल्ह्यातल्या मालेगावच्या या कॉलेजात शालिग्राम सव्वीस वर्षं प्रयोगशाळेत परिचर होता. काचसामान धुणं, जिवाणूंचं अन्न शिजवणं ही त्याची कामं. मॅडम कामरगावच्या, त्याच्याशी वऱ्हाडीतच बोलायच्या. एकदा त्याने विचारलं होतं, “येवढं काय पाहून राह्यल्या, मॅडम?” दुसऱ्या कोणी हसून सोडून दिलं असतं. मॅडमनी त्याला बसायला लावलं.

“जिवाणूच्या आत प्रथिन तयार होते, तवा थे लांब दोऱ्यावानी असते. त्याची नीट घडी बसली तरच कामाचं. नाई तं दोऱ्यात दोरा गुतते, गोळा होते, वाया जाते. म्हून मदतीले दुसरे प्रथिनं असतात. एक दोरा धरून ठेवते. दुसरं त्याले झाकणाच्या डबीवानी आत घेते, अन् मंग सोडून देते.”

“मंजे नवरीसंग पाठराखीण जाते तशी.”

“तशीच. नवरी रुळली का थे माघारी,” मॅडम हसल्या. “या नळ्यातल्या जिवाणूत थे दोरा धरनारी पाठराखीणच नाई. तीस डिग्रीवर जगतात. बेचाळीसवर घड्या उसवतात, सावराले कोनी नसते, मंग मरतात.”

पुढे त्या आजारी पडल्या. उपचारांसाठी नागपूरला जाताना म्हणाल्या, “मी येईपर्यंत महिन्याच्या महिन्याले नव्या नळीत घेत जा.” तीन महिन्यांनी त्या गेल्याची बातमी आली. शालिग्रामने त्या महिन्यातही नळ्या बदलल्या. थांबायला कोणी सांगितलं नव्हतं. ज्योतीत तार लाल करायची, गार होऊ द्यायची, जुन्या नळीतलं कणभर उचलून नव्या नळीत रेघ ओढायची. चिठ्ठीवरची इंग्रजी अक्षरं मॅडमच्या वळणाने जशीच्या तशी उतरवायची.

यंदा मे महिन्यात डीपी जळाली, वीज गेली. कॉलेजला सुट्टी होती, खोलीतला पारा त्रेचाळीसवर. शिरपूरहून एसटीने येऊन चार दिवस तो थर्माकोलच्या खोक्यात नळ्यांभोवती बर्फ भरत राहिला. “कोनासाठी करून राह्यले हे?” बायकोने, अंजनाने, विचारलं. तो सकाळची एसटी धरायला निघाला.

सरांनी हे सगळं ऐकून घेतलं. “मॅडमची कोनी विद्यार्थिनी हाये का? तिले पाहिजे असन तं मी पाठवतो.”

मॅडमची विद्यार्थिनी राधिका पुण्याला संशोधन करत होती. शालिग्रामने प्रयोगशाळेतूनच तिला फोन लावला.

“काका, तुमी अजून ठेवल्या?” तिने विचारलं. “पण हे जिवाणू आमच्याकडं हायेत. मॅडमनी इथूनच मागवले होते. मोठ्या लॅबमंधी कुठंबी भेटतात.”

“मंजे हे गेले तरी…”

“काई अडत नाई, काका.”

“मले वाटलं, जगात येवढेच हायेत,” शालिग्राम म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

शनिवारी सर म्हणाले, “नळ्या नष्ट कराले पोरांले सांगतो मी, थे करतीन.” शालिग्रामने नकारार्थी मान हलवली. “मीच करतो, सर.”

अठरा नळ्या त्याने जाळीच्या टोपलीत उभ्या केल्या, टोपली वाफेच्या दाबाने जंतू मारणाऱ्या ऑटोक्लेव्हमध्ये सोडली, झाकणाचे स्क्रू समोरासमोरचे धरून आवळले. काटा पंधरा पौंडांवर आला. एकशे एकवीस डिग्री, वीस मिनिटं. एरवी तेवढ्यात तो चहा पिऊन यायचा. आज स्टूल ओढून समोरच बसला.

सर दारात आले. “झालं?”

“आजून धा मिनटं.”

सर परत गेले नाहीत. त्यांनी दुसरं स्टूल घेतलं आणि त्याच्या शेजारी येऊन बसले. वेळ झाल्यावर शालिग्रामने खालची आग बंद केली. काटा हळूहळू उतरू लागला. तो शून्यावर आला तरी बराच वेळ दोघांपैकी कोणी झाकणाला हात लावला नाही.