सात खाटा आणि एक चिंगी

प्लंबरची बायको जाऊन वर्ष झालं होतं. आता बालकल्याण कचेरीतल्या बाई घर बघायला येणार होत्या. घर नापास झालं की पाच वर्षांची चिंगी थेट बालगृहात, अशी प्लंबरला धास्ती होती. बाईंच्या कागदावर म्हणे एक रकाना असतो: मुलीला स्वतंत्र खाट आहे का? नव्हती. बापलेक एकाच सतरंजीवर झोपत.

हे त्याने फक्त शेजारच्या शिंपीणकाकूंना सांगितलं. वर, कुणाला सांगू नका, असंही सांगितलं. मग काय विचारता! सकाळी दहाच्या आत त्या दहा बाय दहाच्या खोलीत सात खाटा येऊन पडल्या. आठवी जिन्यात अडकली ती आजतागायत तिथेच आहे. लोक तिच्यावर बसून बूट घालतात.

बाई आल्या त्या चपला हातात घेऊन, खाटांवरून चालत.

"एवढ्या खाटा कुणाच्या?"

"चिंगीच्या!" काकू दारातून ओरडल्या. "लोळते फार!"

"आणि चिंगी कुठाय?"

चिंगी नव्हती. बाईंनी एका खाटेवर टेकून पेनाचं टोपण काढलं. हाका मारून उपयोग नव्हता. एकदा लपली की चिंगी कुणाला ओ देत नसे. तो मधल्या खाटेवर बसला आणि रोज झोपवताना सांगायची ती गोष्ट त्याने सुरू केली.

"एका हत्तीला झाली सर्दी. तो गेला शिंप्याकडे."

त्याने कानोसा घेतला.

"शिंप्याने त्याला रुमाल शिवून दिला. एवढुस्सा..."

"एवढुस्सा नाही काही! तंबूएवढा!" पाचव्या खाटेखालून आवाज आला, आणि मागोमाग जळमटं माखलेलं डोकं.

बाई हसल्या नाहीत. "तुम्ही कामावर असता तेव्हा हिला कोण बघतं?"

"मी!" काकू म्हणाल्या. "मी!" मागून इस्त्रीवाले अण्णा. जिन्यातल्या खाटेवरूनही तीन 'मी' आले.

"एकाने बोला."

"दुपारभर माझ्याकडे असते," काकू या खेपेला न ओरडता म्हणाल्या. "बटणं निवडत बसते. जेवतेही माझ्याबरोबरच."

बाईंनी ते लिहून घेतलं आणि खाटेच्या रकान्यावर काट मारली.

"अहो, खाट नाही म्हणून कुणी पोर उचलून नेतं का? हिला माणसं आहेत की नाहीत, तेवढं बघायचं होतं. राहील इथेच."

प्लंबर हात जोडायला उठला आणि खाटेला अडखळला. तो मटकन बसला. कुठेही बसला तरी खालून खाटच आली.

"यातल्या सहा परत करा," म्हणत बाई उठल्या, चपला घालायला वाकल्या आणि परत खाटेवर टेकल्या. "त्या हत्तीच्या सर्दीचं पुढे काय झालं?"

"सांगते," चिंगी म्हणाली. "पण आधी सरका जरा."