निळीची पाठवणी

चंपारणातल्या निळीच्या कोठीचा, म्हणजे गोऱ्या साहेबांच्या कारखान्याचा, जमीन मोजणारा अमीन कधी कुणाचं वाईट शेत निवडत नसे. वीस कट्ठ्यांच्या बिघ्यामागे तीन कट्ठे नीळ लावायचीच, आणि ते तीन कट्ठे कुठले ते त्याची काठी ठरवणार. कंपनीचं राज्य गेलं, राणीचं आलं, काठी तीच राहिली. बतासीच्या घरामागचा उंचवट्याचा तुकडा त्या काठीने दाखवला. पदराआडून बोलून काय व्हायचं होतं? बाकीची जमीन खोलगट, पावसाळ्यात तिथे बेडूक नांदत. नाचणी पिकायची ती याच तुकड्यात. नवरा लाकूडतोडीला नेपाळातल्या मोरंगच्या जंगलात गेलेला. सासू-सुनेने वर्षभर जगायचं ते याच नाचणीवर.

जिथे नीळ उगवत नाही ते शेत कोठी करंटं म्हणून सोडून देते, एवढं मात्र बतासीला ठाऊक होतं. कोठीकडून बी आलं, तसं तिने ते धान उकडायच्या हंड्यात घातलं, चांगली उकळी दिली आणि राखेत घोळून वाळवलं. दिसायला बी होतं तसंच, फक्त मेलेलं. पेरताना कोठीचा जमादार बांधावर उभा होता. त्याच्या डोळ्यांदेखत तिने मेलेलं बी पेरलं, आणि तो वर “हात सैल सोड, हात सैल सोड” म्हणून शिकवत राहिला.

चैत आला. सगळं शेत बोडकं, आणि ईशान्येच्या कोपऱ्यात हिरवागार झुपका. दुपारी अमीन पाहणीला यायचा होता.

“माई, हे काय?”

“मूठ,” सासू देवकली म्हणाली.

“कसली मूठ?”

“पेरणीची पहिली मूठ, दुलहिन. तुझ्या माहेरी सोडत नसतील, मला ठाऊक नाही. आमच्याकडे रीत आहे.”

“अहो, सगळं बी मी उकडलं होतं!”

“त्याआधीच मूठभर काढून ठेवलं मी. धरतीमाईच्या तोंडात मढं घालू? माझा मुलगा वाघाच्या रानात आहे.”

“आणि अमीन विचारेल, कोपऱ्यात उगवलं ते बाकी शेतात का नाही? तो खुळा आहे का?”

“खुळा कसला! आयुष्यभर खुळ्यांच्या जिवावर जेवला तो.”

बतासी उपटायला वाकली. देवकलीने तिचं मनगट धरलं. “पहिली मूठ उपटलीस, तर माझ्या पोराचं मूळ उपटलंस.”

बतासीचा हात तिथेच थांबला. सासू मुलापायी म्हणत होती, पण भांगातला सिंदूर बतासीचा स्वतःचा होता, आणि मुठीवर तिचाही विश्वास होताच. तिने शेळी सोडून पाहिली. शेळीने हुंगलं आणि तोंड फिरवलं.

“तिलाही कळतं,” देवकली म्हणाली.

“तिला चव कळते, माई. रीत नाही.”

ऊन चढत होतं. बतासी बांधावर बसून राहिली. समोर, दोन शेतं ओलांडून, कोठीची स्वतःची नीळ सरळ ओळींत उभी होती.

“माई, मुलगी हातापायाने वाढली की तिला उपटून टाकतात का?”

“जीभ झडेल तुझी!”

“नाही ना? मग काय करतात?”

देवकलीने सुनेकडे पाहिलं, मग कोठीच्या शेताकडे पाहिलं.

“घराणं खातंपितं आहे,” ती म्हणाली. “पण माणसं हलकट.”

“हुंडा तरी मागत नाहीत.”

बतासीला वाटलं, आता झालं काम. पण देवकलीच्या लेकीची पाठवणी, ती घाईत कशी होणार? ती घरात गेली, हळद आणली, दूर्वा आणल्या, तांदूळ आणले. प्रत्येक रोपाच्या बुंध्याशी सिंदूर लावला.

“माई, अमीन येईल!”

“वऱ्हाड थांबतं. आई लेकीला घाईत धाडते होय?”

दोघींनी रोपं मातीच्या ढेकळांसकट काढली आणि टोपलीत ठेवली. वर देवकलीने आपली लग्नातली ओढणी घातली. पाठवणीचं गाणं म्हणत ती बांधावरून चालली, अगदी दबक्या आवाजात, पण एकही कडवं न गाळता. कोठीच्या ओळींत जिथे फट होती तिथे रोपं लावली, पाणी घातलं. परतल्यावर बतासीने रिकाम्या कोपऱ्यात शेणखताची टोपली उपडी केली.

अमीन नौरंगलाल तट्टावरून आला. शेतभर फिरला. काठीने माती उकरून एक बी काढलं, नखाखाली चिरडलं.

“कुजलंय. पेरणी कुणी पाहिली?”

“मी, हुजूर,” जमादार म्हणाला. “मी स्वतः उभा होतो. हात कसा सोडायचा तेसुद्धा मीच सांगितलं.”

“मग जमीनच करंटी.”

शेणाच्या ढिगाशी बसून देवकली रडत होती, लेक सासरी धाडलेल्या आईसारखी, हुंदके देऊन. नौरंगलालला ते बघवेना. “रडू नकोस, म्हातारे. नीळ नाही आली म्हणून जीव देतेस की काय? सोडला तुझा तुकडा. जा, लाव काय लावायचं ते.”

तट्टू दिसेनासं झालं. बतासीने भाकरी वाढली.

“पाठवणीच्या दिवशी आई जेवत नाही,” देवकली म्हणाली आणि कोठीकडे तोंड करून बसली.

बतासी एकटीच जेवली, पोटभर. मग तिने कुदळ उचलली. नाचणीला अजून वेळ होता, पण आपली आहे तोवर जमीन खणून ठेवलेली बरी.