पोटात ठेवलेलं

माझ्या पोटात दुखतं, हे वाक्य आमच्या अमडापुरात कुणाला सरळ ऐकूच येत नाही. लगेच विचारतात, "कोनाचं चांगलं झालं वो?"

झालंही तसंच. बोंडअळीनं माझी बीटी कपाशी पोखरली त्या साली बांधापलीकडे माझ्या मोठ्या जाऊबाईंनी, रुख्मिणीबाईंनी (मी त्यांना नुसतं बाई म्हणते), सोयाबीन पेरलं होतं. त्यांना पिकलं आणि त्याच हिवाळ्यात माझं पोट दुखायला लागलं. मग काय, गावाला आयतंच निमित्त! सोनोग्राफीत काही निघालं नाही, तेव्हा तर शिक्कामोर्तबच झालं. लोकांचं मी मनावर घेतलं नाही. पण बाई ते ऐकायच्या आणि गप्प राहायच्या. हिचं दुखणं खरं आहे, एवढं त्यांनी तरी एकदा म्हणावं, असं मला फार वाटायचं.

खामगावच्या एका डॉक्टरांनी मात्र हसण्यावारी नेलं नाही. "पोटात आता काही नाही, पण मेंदूला दुखायची सवय लागलीय," म्हणाले. उपाय असा, की डोक्याला ओले स्पंज बांधून अगदी हलका करंट सोडायचा आणि तेवढा वेळ डोळे मिटून ध्यान करायचं. करंट म्हटल्यावर आमचे हे गारठलेच. वेड्यांना देतात तो शॉक वाटला त्यांना. ते येईनात, म्हणून सोबतीला बाई आल्या.

मशीन सांभाळणारी अदीबा मोठी कडक पोरगी. माझ्या कपाळाला मुंग्या आल्या, मी "अगं बाई!" केलं, तशा बाई घाबरून "बंद करा वो" असं कुजबुजायला लागल्या.

"मावशी, तुम्हीपण डोळे मिटून बसा," अदीबा म्हणाली. "दुखतं तिथं लक्ष न्या. चांगलं-वाईट म्हणू नका, नुसतं बघा."

श्वास बघणं मला विहारातलं ठाऊक होतं, दुखणं बघणं नवीन. बघितलं तर ते पोटभर नव्हतंच, बेंबीच्या डावीकडे मूठभर होतं. एवढ्यात हुंदका ऐकू आला. डोळे उघडले, तर बाई स्वतःचं पोट धरून रडत होत्या.

परतीच्या बसनं उंद्री गाव मागं टाकलं. तेव्हा बाई खिडकीकडे बघत म्हणाल्या, "मलेही दुखते. तुह्याआधीपासून."

"मंग सांगितलं काऊन नाही, बाई?"

"ज्या घरी पिकलं, तिथल्या बाईनं काय सांगावं? लोक म्हनले असते, सगळं भेटलं तरी रडते."

"अन् माह्यं?"

"तुह्यं खरं आहे, हे मले पयल्या दिवसापासून माहीत होतं."

असा संताप आला, की तिथंच उतरून चालत जावं. मी ज्या वाक्यासाठी तरसले, ते यांनी इतकी वर्षं पोटात ठेवलं!

स्टँडवर शेजारची अन्नपूर्णा भेटली. माझ्याकडे न बघता तिनं बाईंनाच विचारलं, "काय निघालं वो हिचं?"

बाई थांबल्या. भरल्या स्टँडवर, चार माणसांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "तिचं खरं निघालं. अन् माह्यंही."

माझा राग गेला नव्हता. तरी बाईंच्या हातातली पिशवी मी माझ्याकडे घेतली.