सहीच्या वरचा मजकूर

“ही सही तुमचीच ना, मिस्टर शुल्ट्स?”

ऑरिनच्या तोंडात पॅनकेकचा घास तसाच राहिला. अग्निशमन दलाच्या शेडमधले दोन्ही बंब बाहेर काढून उभे केले होते आणि त्यांच्या जागी लांब टेबलं मांडली होती. दर जुलैत एका शनिवारी इथे सगळ्या गावाची न्याहारी असते. निवडणुकीचं वर्ष असलं की न्याहारीनंतर उमेदवार बोलतात. समोरचा उमेदवार ब्रेंट सोबोटा चार फुटी पुठ्ठा घेऊन आला होता. इतका वेळ पुठ्ठा भिंतीकडे तोंड करून ठेवलेला होता. आता ब्रेंटने तो फिरवला.

पुठ्ठ्यावर एक जुना छापील अर्ज मोठा करून चिकटवला होता.

“सही माझीच,” घास गिळून ऑरिन म्हणाला.

“हा तुमचा नोकरीचा अर्ज. काउंटीकडून रीतसर मागून घेतलाय. नोकरीसाठी बारावीची अट होती. इथे लिहिलंय, बारावी उत्तीर्ण.” ब्रेंटने खिशातून दुसरा कागद काढला. “आणि ही १९७९ला बारावी झालेल्यांची यादी, आपल्याच पेपरात छापलेली. छप्पन्न मुलं. शुल्ट्स त्यात नाही.” मग तो लोकांकडे वळला. “माझं शिक्षण काढणारा माणूस स्वतः बारावीसुद्धा नाही, मंडळी!”

तव्यावर सॉसेज तडतडत होते तेवढाच आवाज.

ऑरिन अठ्ठावीस वर्षं काउंटीच्या चरांवर राबला होता, त्यातली सतरा मुकादम म्हणून. हा सगळा मुलूख सपाट. शेतांखाली पाइप आणि शेतांच्या कडेने चर, हे तुंबले की बीट जागच्या जागी कुजतं. म्हणून इथे चरांचा कमिशनर लोक मतं देऊन निवडतात. कायद्याने त्याला शिक्षणाची अट नाही, मतदार यादीत नाव असलं की झालं. आणि या काउंटीत पक्षाची उमेदवारी, जी आधी लोकांच्याच मतांनी ठरते, ती ज्याला मिळाली तोच कमिशनर, नोव्हेंबरचं मतदान नावापुरतं. यंदा ऑरिन उभा राहिला होता. त्याची बायको मार्लीनच त्याला म्हणाली होती, “जुना कमिशनर उठला की तू उभा राहा. त्या खुर्चीत एकदा तरी चिखलाचे बूट घातलेला माणूस बसू दे.” सप्टेंबरात ती गेली. स्वयंपाकघरात उभी होती, खाली बसली, आणि गेली. त्याला आता दुसरं काही नको होतं, ती खुर्ची तेवढी हवी होती.

शिक्षणाचं भांडण सुरू केलं होतं ते ऑरिनच्याच बाजूने. घरोघरी पत्रक गेलं: ब्रेंट सोबोटा इंजिनियर म्हणवतो, पण त्याचा परवाना ओहायोचा, आपल्या राज्याचा नाहीच. ब्रेंटने उलट छापलं: मुकादमाला फावडं कळतं, नकाशा कळत नाही. मग इकडून, त्याचे बूट बघा, अजून दुकानातल्यासारखे चकचकीत. असं पाच आठवडे चाललं होतं.

पण ऑरिनला आता यातलं काही आठवत नव्हतं. तो पुठ्ठ्याकडे बघत होता.

डाव्या हाताची, मागे रेललेली अक्षरं. सातच्या आकड्याला मधे आडवी रेघ. शब्द ओळीत मावेनासा झाला की शेवटची दोन अक्षरं वर चढवलेली. अर्ज असो, कराचे कागद असोत, की कामाची रोजवही, घरातला कुठलाही कागद मार्लीन भरायची आणि तो खाली सही करायचा. जेवणाच्या टेबलावर ती बोट ठेवायची, “इथे,” की हा नाव लिहून मोकळा. दहा महिन्यांत त्याने हे अक्षर कुठे पाहिलं नव्हतं. आता ते एकदम चार फूट होऊन समोर उभं होतं. त्याने हातातला काटा खाली ठेवला.

आणि मग दुसरी गोष्ट त्याच्या ध्यानात आली. हे खोटं आहे आणि ते मार्लीनने लिहिलंय. दुकानातून चुकून आलेलं लोण्याचं एक जास्तीचं पाकीट परत द्यायला अकरा मैल मागे गेलेली बाई! तिला पक्कं माहीत होतं तो बारावी नाही. एका शब्दाने बोलली नाही ती कधी.

शेजारी बसलेला गॉर्डी त्याच्या कानाशी लागला. गॉर्डी त्याचा शाळेपासूनचा मित्र, प्रचाराचं सगळं तोच बघायचा. “अरे, हे तर मार्लीनचं अक्षर! सांगून टाक ना. बायकोने भरला, मी नुसती सही ठोकली. खोटं थोडंच आहे?”

“गप, गॉर्डी.”

“गप काय? आत्ता बोलला नाहीस तर संपलास तू. तिला काय आता त्रास होणारे?”

ऑरिनने त्याच्याकडे असं पाहिलं की गॉर्डीने नजर कॉफीत घातली.

“पाणी काय बारावीचा दाखला बघून वाहतं होय रे?” मागून म्हातारा एल्डन ओरडला. थोडे हसले.

“आजोबा, थांबा, अजून गंमत आहे,” ब्रेंट म्हणाला. गडी सहा वर्षांपूर्वी ओहायोहून आलेला. शेडमधल्या निम्म्या बायकांच्या घरी ज्या अक्षरात पाककृती लिहिलेल्या होत्या, ते अक्षर त्या एकट्यालाच ओळखीचं नव्हतं. “शेवटचा प्रश्न, हे काम तुम्हाला का हवं? आणि यांचं उत्तर ऐका. ‘पाणी तुंबलं की मला झोप येत नाही, आणि मला झोप आली नाही की घरात कोणालाच येत नाही.’”

सगळे खळखळून हसले. मग बायकांचं हसणं आधी थांबलं. कोणीतरी नाक ओढलं. ब्रेंटला काही कळेना, त्याने पुठ्ठ्याकडे वळून पाहिलं.

ऑरिन ते उत्तर आज पहिल्यांदा ऐकत होता. पावसाच्या दिवसांत तो अंथरुणातून हळूच उठायचा, तिला जाग येऊ नये म्हणून बूट हातात घेऊन जिना उतरायचा. त्याला वाटायचं, ती झोपलीय.

ग्रंथालयाच्या वॉन्डाबाई सभा चालवत होत्या. त्यांनी अंडी उकडताना वेळ लावायचं छोटं घड्याळ फिरवून टेबलावर ठेवलं. “ऑरिन, तुला दोन मिनिटं.”

तो उभा राहिला.

“मी बारावी केली नाही. शाळा संपायच्या आधीच, एप्रिलमध्ये, बापाचा पाय पेरणीच्या यंत्रात गेला. बीट पेरायचं होतं. शेतावर गेलो तो शाळेत परत गेलो नाही.”

“मग अर्जात?” ब्रेंटने विचारलं.

“अर्जात खोटं आहे.”

“अहो, पण ते तर मार्लीननं...” कोपऱ्यातून एक बाई बोलू लागली.

“खाली सही माझी आहे,” ऑरिन मोठ्याने म्हणाला. इतका मोठा आवाज त्याचा कोणी ऐकला नव्हता. “सहीच्या वर जे काही आहे ते माझं. सगळं.”

घड्याळ टिकटिक करत होतं.

“आणि ते पत्रक. ब्रेंटला इथला परवाना मार्चमध्येच मिळालाय, कालच्या पेपरात छापून आलंय. पत्रक मी वाचलं नव्हतं. पण सही करून दिली होती. म्हणजे तेही खोटं माझंच. ब्रेंट, माफ कर.”

गॉर्डीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. ऑरिन खाली बसला. घड्याळ वाजायला अजून अवकाश होता. सगळे ते वाजायची वाट बघत राहिले.

न्याहारी आटोपली. लोक ऑरिनच्या खांद्यावर हात ठेवून जात होते. काही जण दुसऱ्या दाराने गेले. ब्रेंट पुठ्ठा उचलायला लागला तेव्हा ऑरिन त्याच्याजवळ गेला.

“हा तुला लागणारे?”

ब्रेंटचा चेहरा उतरला होता. कोणीतरी त्याला सांगितलेलं दिसत होतं. “मला माहीत नव्हतं हो, मिस्टर शुल्ट्स. तुमच्या मिसेसचं... मला खरंच... मी पुन्हा कुठे दाखवणार नाही.”

“दाखव की. तुझ्याकडे मूळ कागद आहे. जे आहे तेच दाखवलंस तू.” ऑरिनने पुठ्ठ्याची कड धरली. “मला हा मोठा हवाय.”

पुठ्ठा ऑरिनच्या पिकअपमध्ये पुढे सीटवर मावेना. मागे उघड्या हौद्यात ठेवला तर वाऱ्याने उडणार. हौद्यात त्याच्याच नावाच्या पाट्या होत्या, घरोघरी अंगणात रोवायला आणलेल्या, चाळीसेक. त्याने निम्म्या पाट्या खाली अंथरल्या. त्यांच्यावर पुठ्ठा ठेवला. शाई घासली जाऊ नये म्हणून वर आपला सदरा पसरला, आणि त्यावर उरलेल्या पाट्या दाबून बसवल्या. मग बनियनवरच गाडीत बसला.

रस्ता सरळ होता, दोन्ही बाजूंना बीट, मधूनमधून चर. ऑरिनने गाडी ताशी वीस मैलांच्या वर नेली नाही. न्याहारीहून परतणाऱ्या गाड्यांची त्याच्या मागे रांग लागली, ती पार वळणापर्यंत गेली. कोणी हॉर्न वाजवला नाही. कोणी पुढे गेलं नाही.