ताम्हनाखालचं नाव

कलकत्त्याजवळच्या बराकपूरच्या शाळेत इतिहास शिकवणाऱ्या लीना सेन दोन रिकाम्या खोल्यांत गावाचं संग्रहालय उभं करत होत्या. घरातली एखादी जुनी वस्तू दान द्या, असं त्यांनी ओळखीपाळखीत सांगून ठेवलं होतं. १९५६च्या हिवाळ्यात त्यांच्या ओळखीतली कालिंदी त्यांना देवघरातलं पितळी ताम्हन द्यायला निघाली. नवऱ्याची, दिगंबरची, नागपूरहून कलकत्त्यातल्या गार्डन रीचच्या रेल्वे कचेरीत बदली झाली, तेव्हा ते सामानाबरोबर आलं होतं.

संग्रहालयातल्या छोट्याशा समारंभात तिला बोलायला उभं केलं. ताम्हन पूर्वजांना बंगालच्या मोहिमेत मिळालं, एवढंच सासरी सांगत. पण समोर माणसं कौतुकाने ऐकताहेत हे पाहून ती म्हणून गेली, "इथल्या एका राजाने त्यांच्या पराक्रमावर खूश होऊन दिलं." टाळ्या पडल्या.

सगळे पांगल्यावर लीनाबाईंनी ताम्हन उलटं केलं. खाली झिजलेली अक्षरं होती. सासरचे ती मोडी समजत.

"हे बंगाली आहे," लीनाबाई हळूच म्हणाल्या. "कादंबिनी दासी हिने नवऱ्यामागे गावच्या देवळाला वाहिलं, असं लिहिलंय."

कालिंदीला मोलकरणीचं बोलणं आठवलं. ती मुलांना 'बर्गी येतील' म्हणून भीती घालायची. बर्गी म्हणजे नागपूरहून लुटायला आलेले मराठी घोडेस्वार, हे कालिंदीला ठाऊक होतं. देवळातलं ताम्हन कुठला राजा बक्षीस देईल?

"मी ताम्हनाजवळच्या चिठ्ठीवर नुसतं 'भेट' लिहिते," लीनाबाई म्हणाल्या.

कालिंदीने होकारार्थी मान हलवली. ती पटकन हलवली, याचीच तिला पुढे जास्त लाज वाटत राहिली.

"दोनशे वर्षं झाली. तुझा काय संबंध?" घरी सगळं ऐकून दिगंबर म्हणाला.

"राजा तर मीच उभा केला ना?"

आठ दिवस रिकाम्या जागेकडे पाहत तिने पूजा केली. नवव्या दिवशी एकटीच सियालदाहून बराकपूरची गाडी धरली.

"लुटीत नेलेलं, असं लिहा," ती लीनाबाईंना म्हणाली. "त्या बाईचं नावही घाला. आणि राजा... तो मी रचला होता."

लीनाबाईंनी नवी चिठ्ठी घेतली, कादंबिनीचं नाव आधी लिहिलं. मग विचारलं, "तुमचं आडनाव घालू की नको?"

कालिंदी काहीतरी बोलली, पण इतक्या खालच्या आवाजात, की लीनाबाईंना पुन्हा विचारावं लागलं.

"घाला," ती म्हणाली.